निगेटिव्ह कंट्रोलच पॉझिटिव्ह येतोय: क्रिस्पर फील्ड टेस्टमधला परत परत येणारा त्रास आणि तो कुठून निघाला

आम्ही बागेत जाऊन क्रिस्परच्या टेस्टने संत्र्याच्या झाडातला रोग शोधतो. ज्या ट्यूबमध्ये नमुन्याऐवजी नुसतं पाणी टाकलंय, म्हणजे निगेटिव्ह कंट्रोल, तिची स्ट्रिप पॉझिटिव्ह आली की त्या दिवशीचं सगळं काम पाण्यात, इतकं सरळ आहे. आमच्याकडे हे पहिल्यांदा झालं काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागेत, तेव्हा वाटलं गडबडीत काहीतरी चुकलं असेल, सोडून दिलं. दुसऱ्यांदा झालं तेव्हा पाणी बदललं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा पाणी, टिप्स, ट्यूब सगळं नवीन घेतलं, त्यानंतरचे दोन कॅम्प, म्हणजे बागेतल्या तपासणीचे दिवस, एकदम छान गेले, आम्ही खूष, आणि पुढच्या कॅम्पला परत तीच फिकट गुलाबी लाइन. दर वेळी झालं असतं तर एका दिवसात पकडलं असतं हो, पण हे म्हणजे डॉक्टरच्या खुर्चीत बसलं की दुखायचा थांबणाऱ्या दातासारखं. तीन-चार महिने गेले यात. ज्यांना हाच त्रास होतोय त्यांचे तरी वाचावेत म्हणून सगळं लिहून ठेवतोय, जरा लांबलंय.

आधी आमचा सेटअप सांगतो म्हणजे पुढचं कळेल. संत्र्याच्या झाडातला ग्रीनिंग रोग, म्हणजे ज्याला एचएलबी म्हणतात, त्याचा जिवाणू पानाच्या शिरेत, अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांत बसलेला असतो आणि सिट्रस सिला नावाची बारकी कीड त्याला या झाडावरून त्या झाडावर नेते. झाड बाहेरून दिसायला ठणठणीत असताना आत रोग असू शकतो, कधी महिने कधी वर्षं, आणि पानं पिवळी पडली तरी जस्ताची कमतरता आहे का ग्रीनिंग आहे हे नजरेनं सांगणं अवघड. साधारण खूण अशी की जस्ताचा पिवळेपणा पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूला सारखा असतो आणि ग्रीनिंगचे डाग वेडेवाकडे, एका अर्ध्यात एक आणि दुसऱ्या अर्ध्यात वेगळेच, पण हे सांगायला सोपं आहे, बागेत उभं राहिलं की दहातली सहा पानं मधलीच कुठलीतरी दिसतात. हा जिवाणू लॅबमध्ये प्लेटवर सरळ वाढवूनही बघता येत नाही, त्यामुळे डीएनए शोधण्याला पर्याय नाही. आणि हे हलक्यात घ्यायचं प्रकरणही नाही, फ्लोरिडात २००५ मध्ये हा रोग सापडला, त्याच्या जरा आधी २००३-०४ च्या हंगामात तिथे २४ कोटींच्या वर पेट्या संत्री निघाली होती आणि २०२२-२३ मध्ये ती १ कोटी ६० लाखांच्या आत आली, त्यात वादळांचाही हात आहे पण मुख्य मार या रोगाचाच.

म्हणून नर्सरीत कलमं बांधायच्या आधी ज्या झाडाचे डोळे घेणार ते झाड जागेवरच तपासायचं, ही आमची कामाची कल्पना. पानाची मधली शीर आणि देठ कापायचा, सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये चुरडायचा, लगेच ट्रिस बफरमध्ये भरपूर पातळ करायचा, त्यातलं थोडं आरपीएमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या मिश्रणात, टाकून ३९ डिग्रीला २० मिनिटं ठेवायचं म्हणजे रोगाचा डीएनए असला तर त्याच्या अब्जावधी प्रती होतात, मग त्यातले २ मायक्रोलिटर कॅस१२ए च्या (क्रिस्परमधली डीएनए कापणारी प्रोटीनची कात्री) मिक्समध्ये, परत १५-२० मिनिटं, आणि शेवटी स्ट्रिप. मशीन म्हणाल तर एक बॅटरीवरचा हीट ब्लॉक, बाकी सगळं एका डब्यात मावतं.

क्रिस्पर म्हटलं की लोकांना जीन एडिटिंगच आठवतं, २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल वगैरे. एका बागायतदार काकांनी तर मला सरळ विचारलं, "झाडाले काही टोचनार तं नाही ना तुमी?" नाही. इथे कोणाचंच जीन बदलायचं नाहीये, त्या कात्रीचा फक्त शोधायचा गुण वापरायचाय. कॅस१२ए ला जो गाइड आरएनए दिलाय त्याला जुळणारा डीएनए सापडला की तो तिथे तर कापतोच, पण नंतर दावं तोडलेल्या बैलासारखा सुटतो आणि समोर येईल तो एकेरी धाग्याचा डीएनए तुडवत जातो. ही गोष्ट २०१८ मध्ये, ते नोबेल मिळालेल्या जेनिफर डाउडना यांच्या गटाने दाखवली आणि त्यावरूनच डिटेक्टर नावाची पद्धत आली. आपण मिक्समध्ये मुद्दाम एक छोटा एकेरी धागा टाकून ठेवतो, एका टोकाला फॅम हा चमकणारा रंग आणि दुसऱ्या टोकाला बायोटिन. हा रिपोर्टर. तो तुटला तर रोगाचा डीएनए आहे, अख्खा राहिला तर नाही. (शेरलॉक नावाच्या अशाच दुसऱ्या पद्धतीत कॅस१३ असतो, तो आरएनए तोडतो, २०१७ ची. आणि आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी या संशोधन संस्थेची फेलुदा टेस्ट, जिला सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनासाठी मंजुरी मिळाली, तिच्यात कॅस९ आहे आणि असं तुडवणं-बिडवणं नाही, त्यामुळे खालचं स्ट्रिपचं गणित फेलुदाला जसंच्या तसं लागू पडणार नाही, कंटॅमिनेशनचं, म्हणजे बाहेरचा डीएनए मिसळण्याचं, मात्र सगळ्यांना सारखंच.)

आता पहिली गोष्ट, आणि कृपया हसू नका: स्ट्रिप बरोबर वाचताय ना? आमच्याकडे नवीन आलेल्या मुलाने पहिले दोन दिवस सगळं उलटं लिहिलं होतं आणि त्याची चूक नाही त्यात. कोरोनाच्या किटने सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसवलंय की सी ची लाइन वर असते, ती आलीच पाहिजे, आणि टी आली की पॉझिटिव्ह. या युनिव्हर्सल, म्हणजे वेगवेगळ्या टेस्टना चालणाऱ्या, स्ट्रिपवर क्रिस्परचं काम करताना अर्थ पलटतो. स्ट्रिपमध्ये सोन्याचे बारीक कण असतात, त्यांच्यावरची अँटिबॉडी रिपोर्टरचं फॅमचं टोक पकडते, आणि हे कण जिथे जमतात तिथे लाइन दिसते. खालची लाइन, म्हणजे पाणी चढताना जी आधी लागते ती, स्ट्रेप्टाविडिनची असते, ती बायोटिन पकडते, त्यामुळे अख्खा रिपोर्टर आपल्या सोन्याच्या कणांसकट तिथेच अडकतो. ही आपली कंट्रोल लाइन. वरची लाइन सोन्याच्या कणावरच्या अँटिबॉडीला पकडते, म्हणजे जे कण खाली अडकले नाहीत ते तिथे थांबतात, आणि ती आपली पॉझिटिव्हची लाइन. म्हणजे चोख निगेटिव्ह स्ट्रिपवर फक्त खालची लाइन असते, जी कोरोनावाल्या नजरेला "टेस्ट फेल" वाटते. पाकिटातल्या माहितीपत्रकावरही बहुतेक वेळा नेहमीच्या वापराचाच अर्थ छापलेला असतो. आम्ही शेवटी स्ट्रिपच्या डब्यावर मार्करने मोठ्ठं लिहिलं, "खाली अडकला तर बरा, वर गेला तर रोग", तेव्हापासून चूक नाही.

हे वाचून झालं की त्यात लपलेली एक भानगड लक्षात येईल, जी मला खूप उशिरा लक्षात आली. वरच्या लाइनवर जाणाऱ्या कणांना "तुटलेला रिपोर्टर" असायलाच हवा असं काही नाही. ज्या कणाला रिपोर्टर मिळालाच नाही तोही सरळ वर जातो! म्हणजे रिपोर्टर कमी पडला, किंवा फ्रीजमधून दहा वेळा आत-बाहेर करून अर्धा खराब झाला, किंवा फॅम उन्हात उडून गेला, तरी वर फिकट लाइन येणारच आणि कॅस१२ए बिचारा यात कुठेच नाही. उलट रिपोर्टर फार जास्त टाकला तर मोकळे बायोटिनवाले धागे स्ट्रेप्टाविडिनच्या सगळ्या जागा अडवून बसतात आणि कण परत वरच जातात, शिवाय खरा रोग असला तरी इतका रिपोर्टर तोडून होत नाही आणि पॉझिटिव्ह कच्चा दिसतो. दोन्ही बाजूंनी फास.

तर करायचं काय, एका वेळी सगळं बदलत बसायचं नाही (आम्ही तेच केलं, म्हणून महिने गेले), शेवटाकडून मागे यायचं. एक पायरी, एक स्ट्रिप. मी ज्या क्रमाने करतो तो असा.

पहिली स्ट्रिप नुसत्या बफरमध्ये, रिपोर्टर नाही. इथे वरची लाइन ठळक आलीच पाहिजे, खाली काही नको. नाही आली तर स्ट्रिपच मेलीय, दमट हवेत पाकीट उघडं राहिलं असेल.

दुसरी स्ट्रिप बफर आणि रिपोर्टर, बाकी काही नाही. आता फक्त खालची. इथेच वर फिकट दिसली तर थांबा, पुढे जाऊच नका, तुमचा प्रॉब्लेम रिपोर्टरचा आहे. रिपोर्टरचं प्रमाण कमी-जास्त करून पाच-सहा स्ट्रिपची ओळ लावा, ज्या प्रमाणाला वरची लाइन पूर्ण जाते ते धरा, आणि हे प्रत्येक नवीन लॉटला परत करा, मागच्या लॉटचा आकडा चालेल असं समजू नका. आम्हाला बफरमध्ये ५ टक्के पीईजी ८००० हे रसायन टाकल्यावरही वरची नको असलेली फिकट लाइन बरीच साफ झाली.

तिसरी, त्यात कॅस१२ए आणि गाइड टाकून, पण डीएनए काहीच नाही, पूर्ण वेळ ठेवून. वर लाइन आली तर मिक्समध्ये कुठूनतरी डीएनए तोडणारं एन्झाइम घुसलंय, हाताचा घाम, थुंकी, धूळ, किंवा प्रोटीन शुद्ध करताना राहिलेलं. बघायचं कसं, गाइड न टाकता एक ट्यूब लावा, तरीही रिपोर्टर तुटत असेल तर कॅस नाही, दुसरंच कोणीतरी खातंय.

चौथी, माहितीतल्या निरोगी झाडाच्या पानाचा रस घालून, आरपीए न करता. वनस्पतीच्या रसातही अशी एन्झाइम असतातच. आमचा रस ९५ डिग्रीला ५ मिनिटं न ठेवता वापरला की इथे लाइन यायची, ठेवला की जायची. ही पायरी फील्डवर कंटाळा येतो म्हणून लोक गाळतात. थर्मासमधलं उकळतं पाणी लागतं फक्त, गाळू नका.

पाचवी, आरपीएची पूर्ण ट्यूब, पण नमुन्याच्या जागी पाणी. वरच्या चारही साफ आणि इथे लाइन आली, तर मग तुमच्याकडे खरोखरचा डीएनए आहे. टेस्ट खोटं बोलत नाहीये, डीएनए आहेच तिथे, फक्त तो झाडाचा नाही, तुमचा आहे. मागच्या कॅम्पचा.

आमच्या बाबतीत दोन वेगळे घोळ एकत्र निघाले आणि म्हणूनच कोडं सुटत नव्हतं. फिकट, अगदी तिरकं धरून बघावी लागणारी लाइन यायची ती रिपोर्टरमुळे, ते दुसऱ्या पायरीला सापडलं. एकच मोठी बाटली विरघळवून ठेवली होती आणि दर कॅम्पला तीच काढायची, परत गोठवायची. छोट्या छोट्या ट्यूबमध्ये एका कॅम्पपुरती वाटून, फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायला लागलो आणि फिकट लाइन बंद झाली. आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. दोन आठवड्यांनी वरूडजवळ परत लाइन. पण या वेळी फिकट नाही, चांगली ठसठशीत.

इथे एक सांगतो, फिकट आणि ठसठशीत हा फरक वहीत लिहायची सवय लावा. आम्ही नुसतं "प्लस" लिहायचो आणि दोन वेगळ्या गोष्टी एकाच खात्यात जमा होत होत्या.

आता कंटॅमिनेशन. आरपीए झालेल्या ट्यूबचं झाकण उघडलं की त्यातला अतिशय बारका तुषार बाहेर येतो, दिसत नाही, पण त्यात लाखो प्रती असू शकतात, आणि आपली टेस्ट तर थोड्याशा प्रतीही पकडायला बनवलीय. आमच्या पद्धतीत झाकण दोनदा उघडतं, एकदा कॅसच्या मिक्समध्ये टाकायला आणि एकदा स्ट्रिप बुडवायला. आणि हे सगळं कुठे, तर गाडीची डिकी उघडून, संत्र्याचा क्रेट उलटा ठेवून त्यावर, वारा सुटलेला. त्याच क्रेटवर पुढच्या झाडाची मिक्स बनवायची. लॅबमध्ये तीन वेगळ्या खोल्या करा म्हणून सांगणारे आम्ही, बागेत एका क्रेटवर संसार.

मग सफाई सुरू केली, आणि तिथेही चुकलो. ७० टक्के अल्कोहोलने सगळं पुसायचो. अल्कोहोलने जंतू मरतात, डीएनए तिथेच राहतो, नुसता पसरतो. यूव्हीचा छोटा दिवा घेतला, पण आपल्या प्रती दीडशे-दोनशे अक्षरांच्या, इतक्या आखूड डीएनएवर यूव्हीचा मार फारसा बसत नाही, लांब डीएनएवर बरा बसतो. काम करतं ते साधं ब्लीच, घरातलं, दहापट पातळ केलेलं, त्याच दिवशी बनवलेलं, दहा मिनिटं राहू द्यायचं आणि नंतर साध्या पाण्याने पुसायचं, कारण ब्लीचचा थेंब ट्यूबमध्ये गेला तर रिअॅक्शनच बसते. क्रेटवर ब्लीच नको, पुठ्ठा अंथरायचा आणि कॅम्प झाला की तो तिथे टाकून न देता पिशवीत बंद करून आणायचा.

एवढं करूनही वरूडनंतर मोर्शीला पुन्हा आली. तेव्हा मी वैतागून एक गोष्ट केली जी पहिल्या दिवशी करायला हवी होती. ओल्या स्वॅबने वस्तू पुसून त्याच नमुना म्हणून टेस्टला लावल्या. पिपेटचा दांडा, हीट ब्लॉकचं झाकण, मार्कर पेन, ग्लोव्ह्जचा डबा, आइस बॉक्सची कडी, गाडीचं हँडल, आणि सहज म्हणून माझा मोबाइल. पिपेट साफ. ब्लॉक साफ. मार्कर फिकट का काय ते ठरेना. मोबाइलच्या कव्हरची स्ट्रिप मात्र अशी काळीजांभळी झाली की पॉझिटिव्ह कंट्रोलसुद्धा (रोगाचा डीएनए मुद्दाम घातलेली ट्यूब) इतका सुंदर येत नाही.

विचार केल्यावर सरळच होतं. टायमर मोबाइलवर. स्ट्रिपचे फोटो मोबाइलवर, म्हणजे उघड्या ट्यूबमध्ये उभ्या असलेल्या स्ट्रिपवर सहा इंचावर मोबाइल धरायचा, त्याच ग्लोव्ह्जने बटण दाबायचं. मग तोच मोबाइल खिशात, संध्याकाळी लॅबमध्ये, दुसऱ्या दिवशी "क्लीन" खोलीत मिक्स वाटताना प्रोटोकॉल बघायला टेबलावर. ग्लोव्ह्ज बदलतो आपण, मोबाइल कोण बदलतो! दोन कॅम्प चांगले गेले होते ना मध्ये, त्या काळात माझा मोबाइल दुरुस्तीला होता आणि फोटो दुसराच मुलगा काढत होता. हे आठवलं तेव्हा अक्षरशः कपाळावर हात मारला.

त्याच्यासोबत दुसरा चोरही निघाला, तो म्हणजे आमचा पॉझिटिव्ह कंट्रोल. कृत्रिम डीएनए मागवला होता, त्याची पातळ न केलेली ट्यूब तशीच डब्यात टाकून बागेत न्यायचो. एका थेंबात इतक्या प्रती की आख्ख्या तालुक्याला पुरतील. मार्कर फिकट आला होता त्याचं कारण बहुतेक हेच, त्या ट्यूबवर तारीख लिहिताना लागलं असणार. आता तो वेगळ्या ठिकाणी पातळ करून, एका मायक्रोलिटरला साधारण हजार प्रती एवढाच, एकेका कॅम्पची एकेक ट्यूब भरून नेतो आणि सगळ्या नमुन्यांची झाकणं लागल्यावर सगळ्यात शेवटी उघडतो. जास्त ताकदीचा पॉझिटिव्ह कंट्रोल दिसायला छान दिसतो, बाकी त्याचा काहीच उपयोग नाही, उलट तुमची टेस्ट कमजोर झालीय हे तो लपवतो.

मुळावर घाव घालायचा तर झाकण उघडणंच बंद केलं पाहिजे. त्यासाठी कॅसची मिक्स आधीच झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब म्हणून लावून ठेवायची, आरपीए २० मिनिटं होऊ द्यायचं, मग ट्यूब हातानं झटकून किंवा हाताने फिरवायच्या सेंट्रिफ्यूजमध्ये घालून थेंब खाली पाडायचा. खड्ड्यातून गाडी नेताना थेंब वेळेआधीच पडतो, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणून लावायचा तो बागेत पोचल्यावर. मग स्ट्रिप नाही, बायोटिनच्या जागी क्वेंचर, म्हणजे फॅमची चमक दाबून ठेवणारा रेणू, लावलेला रिपोर्टर घ्यायचा, तुटला की फॅम चमकतो, आणि निळ्या एलईडीवर केशरी फिल्टरमधून बघायचं. बंद ट्यूब, हिरवी चमक, झालं. उन्हात दिसत नाही, काळ्या पुठ्ठ्याचं खोकं लागतं. काही लोक स्ट्रिपच हवी म्हणतात कारण ती शेतकऱ्याला दाखवता येते, हातात देता येते. मला विचाराल तर स्ट्रिप डेमोला ठीक, रोजच्या कामाला बंद ट्यूबच. तरी एका काकांनी हिरवी ट्यूब बघून विचारलंच, "हिरवी म्हणजे चांगलीच ना साहेब?" त्यामुळे रंगाचाही अर्थ आधी सांगायचा.

सगळं एकदमच एका मिक्समध्ये टाकलं तर काय, असा प्रश्न येतोच. टाकता येतं, पण कॅस१२ए सुरुवातीलाच जे थोडे मूळ धागे असतात तेच कापून टाकतो, वाढायच्या आधीच पीक कापल्यासारखं, आणि कमी प्रमाणातला रोग सुटतो. यावर एक गमतीशीर तोडगा आहे, २०२२ मध्ये छापून आलाय. नेहमी गाइड निवडताना आपण शेजारी टीटीटीव्ही हा पीएएम, म्हणजे कॅसला पकड घ्यायला लागणारी छोटी अक्षरखूण, बघतो, कारण तिथे कॅस१२ए जोरात काम करतो. एकत्र मिक्समध्ये मात्र मुद्दाम जरा कमअस्सल पीएएमची जागा निवडायची, म्हणजे तो हळू कापतो आणि तोवर आरपीए पुढे निघून जातं. आम्ही दोन गाइड असे करून बघतोय, एक बरा वाटतोय, घाईने काही सांगत नाही.

गाइडवरून आठवलं, पाचव्या पायरीला पाण्यात लाइन येत नाही पण प्रत्येक निरोगी झाडात येते असं असेल तर गाइडची जागा तपासा. खूप जण या रोगासाठी १६एस जीनवर टेस्ट बनवतात, आणि तो जीन थोड्याफार फरकाने सगळ्याच जिवाणूंत असतो, झाडात राहणाऱ्या निरुपद्रवी जिवाणूंतसुद्धा. गाइड प्राइमरच्या (ज्या छोट्या डीएनए तुकड्यांपासून प्रती सुरू होतात त्यांच्या) जागेवर चढलेला नसावा हेही बघा, नाहीतर प्राइमर एकमेकांना चिकटून जो कचरा बनतो त्यालाही तो हो म्हणेल.

यूडीजी या एन्झाइमबद्दल विचारणारे असतात म्हणून दोन ओळी. लॅबमध्ये जुन्या प्रती खाऊन टाकायला डीयूटीपी (प्रतींमध्ये खूण म्हणून घालायचं वेगळं अक्षर) आणि ती खूण असलेल्या प्रती खाणारं यूडीजी वापरतात ते चांगलंच आहे, पण गोळीच्या रूपात मिळणाऱ्या आरपीएमध्ये डीएनटीपी, म्हणजे डीएनएची नेहमीची अक्षरं, आधीच घातलेले असतात, तिथे डीयूटीपी कुठून घुसवणार, आणि साधं यूडीजी ३९ डिग्रीला जिवंतच राहतं म्हणजे नवीन प्रतीही खात बसेल. लॅम्प ही प्रती वाढवायची दुसरी पद्धत वापरत असाल, ६० ते ६५ डिग्रीवाली, तर उष्णतेने लवकर मरणारं यूडीजी घेऊन जमतं. आरपीएवाल्यांनी झाकण बंद ठेवणं जास्त सोपं.

आणि आपल्या विदर्भाच्या उन्हाचं. आरपीएला थंड सुरुवात नसते, मॅग्नेशियम पडलं की ते ज्या तापमानाला असेल तिथेच सुरू होतं. मे महिन्यात सावलीत ४२-४३ डिग्री असताना आठ ट्यूबमध्ये एकेक करून मॅग्नेशियम टाकत बसलात तर पहिली ट्यूब शेवटचीच्या आठ-दहा मिनिटं पुढे गेलेली असते. म्हणून ते आठही झाकणांत थेंबाथेंबाने ठेवून एकदम खाली पाडायचं, आणि चार-पाच मिनिटांनी ट्यूब एकदा काढून हलवायच्या कारण मिश्रण दाट असतं. ४५ च्या वर गेलं तर एन्झाइमच मान टाकतात, बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवलेला डबा तर संपलाच. तसंही भर उन्हाळ्यात पानातलं जिवाणूचं प्रमाण खाली गेलेलं असतं, निगेटिव्ह आलं म्हणून झाड सोडून देऊ नका, थंडीत परत बघा, आणि एकाच फांदीची पानं न घेता चारही बाजूंची घ्या कारण हा रोग झाडभर सारखा पसरलेला नसतो. पॉझिटिव्ह आलेलं झाडही लगेच तोडायला सांगू नका, लॅबमधल्या क्यूपीसीआर टेस्टने पक्कं करून मगच.

सध्या आमची पद्धत अशी आहे की आठच्या ओळीत तीन ट्यूब कंट्रोलच्या असतात, एक पाणी घालून तिथेच बंद केलेली, एक पाण्याचीच पण सगळे नमुने भरेपर्यंत क्रेटवर उघडी ठेवलेली, आणि एक पॉझिटिव्ह. उघड्या ठेवलेल्या ट्यूबमध्ये आली आणि बंद केलेलीत नाही आली तर हवा-हात-क्रेट यांचं कंटॅमिनेशन, दोन्हींत आली तर लॅबमधूनच घेऊन आलोय. नमुने पाचच बसतात त्यामुळे, सर ओरडतात की खर्च वाढतो, ओरडू दे.

मोबाइलचं म्हणाल तर तो आता कॅम्पभर झिप पिशवीत, फोटो पिशवीतूनच, गाडीत बसायच्या आधी पिशवी फेकायची, आणि लॅबच्या मिक्सवाल्या खोलीत मोबाइल नाहीच, भिंतीवर चाळीस रुपयाचं घड्याळ आणि प्रोटोकॉलची झेरॉक्स. त्यानंतर अकरा कॅम्प झाले. दहा साफ. एकात उघड्या ट्यूबमध्ये लाइन आली, ठसठशीत, आणि त्या दिवशी फोटो काढायला नर्सरीवाल्याचा पोरगा स्वतःचा मोबाइल घेऊन स्ट्रिपवर वाकला होता.